पेटी एक, सुस्थितीत

"अगो, ही हलली!" माधुरी किंचाळली आणि हातातली केरसुणी तिथंच पडली.

"काय हललं? साप?" बाकावर उभा राहून जळमटं काढणाऱ्या रंगूनं आधी एक पाय वर घेतला आणि मग विचारलं.

"पेटी रे! साहित्याची पेटी! मी नुसती पायानं ढकलली, तर सरकली!"

रंगू बाकावरून धपकन खाली उतरला. गोष्टच तशी होती! सात वर्षांपूर्वी ही निळी लोखंडी पेटी कुंभाळपाड्याच्या शाळेत आली, तेव्हा ती उतरवायला चार गडी लागले होते. तेव्हापासून तिला जे कुलूप लागलं, ते लागलंच. "हात लावू नका! काही फुटलं तर जाब मला द्यावा लागेल!" असं विशे गुरुजी रोज बजावत. चुंबकाचा धडा आला, की ते पेटीकडे बोट दाखवत आणि सगळा वर्ग पेटीकडे बघून सुरात म्हणे, "चुंबकाला दोन ध्रुव असतात!" दरवर्षी मार्चमध्ये गुरुजी नोंदवहीत लिहीत, 'पेटी एक, सुस्थितीत'. झालं विज्ञान!

"आमच्या शहापूरच्या शाळेत बाई पेटी उघडतात," संघरत्ना म्हणाली. ती मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आली होती आणि शाळा झाडायच्या कामात हौसेनं घुसली होती. "थांबा, मागून बघू या."

तिघांनी पेटी फिरवली आणि तिघांचेही डोळे मोठे झाले. पुढं कुलूप शाबूत होतं, पण मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू गायब होते! रंगूनं झाकण मागून उचललं. आत नारळाचा काथ्या, एक मेलेलं झुरळ, आणि झाकणाला आतून चिकटवलेली एकोणीस वस्तूंची चित्रांसकट यादी. बाकी ठणठणगोपाळ!

"मेलो!" रंगू म्हणाला. "उद्या बाई येनार!"

शाळा चौथीपर्यंतच होती. उद्या सकाळी शिक्षण विस्तार अधिकारी निमसे बाई तपासणीला येणार होत्या. खोली, मुलं आणि साहित्य ठीक असेल, तर जूनपासून इथंच पाचवी निघणार होती, नाहीतर ती नदीपलीकडच्या धसईला जाणार होती. माधुरी नुकतीच चौथी पास झाली होती. पाचवीत इंग्रजी असतं, सामान्य विज्ञान असतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण तिचे बाबा, बारकू, म्हणाले होते, "गावात असली तर शीक. धसईपतूर येकल्या पोरीला मी धाडनार नाय." पेटी रिकामी निघाली की माधुरीची शाळा संपली! तिला एका जागी उभं राहवेना.

"हा तराजू बघ!" रंगू यादीतल्या चित्रावर बोट आपटत ओरडला. "कोंडूशेट मिरची यातच तोलतात!"

"आणि हे भिंग! रखमी आजी तांदूळ निवडताना डोळ्याला लावतात," संघरत्ना म्हणाली.

"पृथ्वीचा गोल पोलीसपाटलांच्या ओटीवर टांगलाय. मला वाटलं, दिवाळीचा कंदील हाय!" रंगू म्हणाला.

माधुरी मात्र एकाच चित्राकडे बघत होती. घोड्याच्या नालासारखा वाकवलेला तो तुकडा तिनं लहानपणापासून घरात पाहिला होता.

तिघं धावत दुकानात गेली. "शेट, हा तराजू शाळेचा ना?" रंगूनं सरळच विचारलं.

"माझ्या आज्याचा हाय!" कोंडूशेट गरजले. पारड्याच्या बुडाला 'प्राथमिक शाळेसाठी' अशी अक्षरं कोरलेली होती, पण शेटनी चटकन त्यावर मिरच्या ओतल्या. "पळा! उन्हानं डोकं फिरलंय तुमचं!"

"आता पोलीसपाटलांकडं तक्रार करू," संघरत्ना चिडून म्हणाली.

"पोलीसपाटलांकडं? गोल कुनाकडं हाय, इसरलीस?" रंगू म्हणाला. एवढ्या घोरातही तिघांना हसू फुटलं.

हसता हसता माधुरी एकदम थांबली. "चुंबक आमच्या घरात हाय," ती म्हणाली. लाजेनं तिचे कान तापले होते. "बाबा बैलांना नाल ठोकतात ना, त्यांच्या थैलीत. पन त्यांना चोर म्हनलं, तर ते विहिरीत फेकतील, देनार नाय. सगळ्या गावाचं तसंच हाय. येकेकानं येकच वस्तू नेली आनि समजला, येवढ्या पेटीत येक कुनाला कळतंय! त्यांना मान देऊन बोलवू या."

आणि उतरत्या उन्हात रंगू तेलाचा डबा बडवत गावभर हिंडला. "ऐका हो ऐका! ज्या ज्या घरानं शाळेचं साहित्य पावसापान्यापासून जपून ठेवलं, त्यांनी ते घेऊन उद्या नऊ वाजता शाळेत यावं! मोठ्या बाईंसमोर सत्कार हाय हो!"

बारकू अंगणात बसून नाल घासत होते. त्यांनी दवंडी ऐकली आणि मान वर केली नाही.

सकाळी निमसे बाई आल्या, तेव्हा शाळेपुढं ही रांग लागली होती! कोंडूशेट घासूनपुसून लखलखीत केलेला तराजू घेऊन सगळ्यांत पुढं. पोलीसपाटील पृथ्वी काखेत मारून उभे. रखमी आजी भिंगातून बाईंनाच निरखत होती. संघरत्ना एकेकाच्या हातात बहाव्याच्या पिवळ्या फुलांचा घोस देऊन वस्तू ताब्यात घेत होती. विशे गुरुजींच्या हातात कुलपाची किल्ली तशीच राहिली आणि तोंडही उघडंच राहिलं.

बाईंनी यादीवर खुणा केल्या. "अठरा. चुंबक कुठं आहे?"

बाई वाकल्या, पेटीच्या मागच्या बिजागरीवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि माधुरीकडे वळल्या. "बाळ, तू सांग. हे सगळं जपून ठेवायलाच घरोघरी नेलं होतं का?"

एक "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. "नाय, बाई," माधुरी म्हणाली. "ज्यानं त्यानं वापरायला नेलं होतं. आमीच युक्तीनं बोलावलं. गुरुजींना कायपन माहीत नाय."

"आनि चुंबक माझ्याकडं हाय." गर्दीच्या मागून बारकू पुढं आले. त्यांनी थैली पालथी करून खिळ्यांचा ढीग ओतला आणि चुंबक बाईंपुढं ठेवला. "नालाचे खिळे मातीत पडतात, ते याच्यानं उचलतो. पोरगी घरात घोकायची, दोन ध्रुव, दोन ध्रुव. मी तिच्यापुढंच खिळे गोळा करायचो, पन हाच तो, असं कधी सांगितलं नाय तिला. चुकलो."

बाईंनी चुंबक माधुरीच्या हातात दिला. "दाखव ध्रुव."

माधुरीनं तो खिळ्यांच्या ढिगात बुडवून उचलला. दोन्ही टोकांना खिळ्यांचे झुबके लटकले, आणि मधल्या वळणावर एकही नव्हता! चार वर्षं घोकलेलं वाक्य आज पहिल्यांदा तिच्या हातात आलं. "हे ध्रुव! हे दोन! मधी कायपन नाय!" ती नाचायलाच लागली आणि सगळी पोरं खिळे घेऊन तिच्याभोवती गोळा झाली.

"मी चाळीस शाळांतल्या पेट्या उघडल्या," निमसे बाई गुरुजींना म्हणाल्या. "सगळीकडे साहित्य नवंकोरं आणि मुलं कोरडी. इथं साहित्य निदान वापरलं तरी गेलं, फक्त मुलांनी नाही! पाचवीची शिफारस मी आजच करते. अट एकच, ते कुलूप मला द्या." मग गावाकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि सत्काराचं म्हणाल, तर खरा सत्कार या तिघांचा! खोटं बोलून सुटता येत असताना ही मुलगी खरं बोलली."

कोंडूशेटनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना घाईच होती, दुकानात मिरची तोलायला काही उरलं नव्हतं.

बारकूंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाचवी हितं कर. सहावीला मी सोडीन धसईला. बैलबाजाराची वाट तीच हाय."

विशे गुरुजींनी नोंदवही काढली. 'पेटी एक' लिहिलं आणि सवयीनं 'सुस्थि' इथपर्यंत आले. मग त्यांनी समोर खिळ्यांवर तुटून पडलेल्या पोरांकडे पाहिलं, ते खोडलं, आणि पुढं ठळक अक्षरांत लिहिलं, 'वापरात'.