बुचाचा हिरवा दिवा

मोबाईल खाली ठेवा, आणि मध्ये कोणी खुसफुसायचं नाही. ही गोष्ट माझ्या मेव्हण्याची. हॉस्पिटलातल्या मशीनांची देखभाल करायचा, आणि भुतंखेतं म्हटली की पोट धरून हसायचा.

सतरा जानेवारीची रात्र. त्याची स्वतःचीच पोरगी जिन्यावरून पडली होती. तिच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि नेमका कॉम्प्युटर आडवा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चित्र दिसल्याशिवाय मी ऑपरेशन करू कसं? काहीतरी करा." तो धावत तळघरातल्या खोलीत गेला.

तिथे स्कॅन साठवणाऱ्या दोन डिस्क, एकाच केबलवर. त्या केबलच्या टोकाला एक बूच लागतं. त्याला केबलमधूनच करंट मिळतो आणि हिरवा दिवा लागतो. बूच मेलं, की संदेश टोकावर आपटून मागे फिरतात आणि कॉम्प्युटरला नसलेल्या डिस्क दिसायला लागतात. पडद्यावर सात दिसत होत्या. केबलला करंट देणारा, कॉम्प्युटरच्या कार्डावरचा फ्यूज जळाला होता. डिस्कमधूनही देता आला असता, पण करंट दोन वाटांनी नको म्हणून ती वाट यानेच मागे कापली होती, मोठा शहाणा. आता तीच जोडायला बसला.  घाईत सोल्डरचा डाग बसायच्या ऐवजी तांब्याची पट्टीच उखडली.

फोन वाजला. वरून बायको. "अहो, ती डोळे उघडत नाहीये."

 त्याने डिस्कच्या कपाटाला कपाळ टेकलं.

"कुठूनही दे," तो म्हणाला. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नाही. "माझ्यातला घे... पण दे."

खोलीत चिटपाखरू नाही.

मग... बुचाचा दिवा लागला.

पडद्यावर सात. पाच. चार. तीन...

तीनवर थांबलं. दोन त्याच्या. तिसरी...

त्याने मागे वळून बघितलं नाही. स्कॅन उघडला, वर पाठवला आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडला.

पोरगी वाचली. दुसऱ्या दिवशी शाळेची चौकशी करत होती. त्याने जाऊन बूच काढून हातात घेतलं. कशालाही जोडलेलं नाही, तरी दिवा चालूच. फेकायची हिंमत होईना, म्हणून घरी आणून ठेवलं.

एकदाच त्याने ते मुठीत घट्ट दाबून झाकलं. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या.

शेजारच्या खोलीतून पोरीचा आवाज आला. "बाबा... अंधार का केलास?"