बिनखिडकीची केबिन

पाहुणे सकाळीच यायचे होते, म्हणून अक्का न्याहारी लवकर उरकून जहाजाच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली. पाहुणे म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा आणि त्याची दुसरी बायको. बहीण जाऊन वर्ष व्हायच्या आत पुन्हा बोहल्यावर चढलेला मेहुणा, त्याला कोण हौसेनं बोलावतं हो? पण अक्कानं बोलावलं होतं, अगदी गळ घालून.

हे जहाज म्हणजे अक्काचं घरच. नोकरी संपली, नवरा गेला, तेव्हा तिनं फ्लॅट विकला आणि पर्यटकांच्या या जहाजावर कायमची केबिन घेतली. पर्यटक यायचे, नाचायचे, खायचे, उतरून जायचे. अक्का आपली तिथंच. "म्हातारपणी हात धरायला कठडा तरी आहे," असं ती हसून म्हणायची.

आणि तिच्या कपाटात धाकटी होती.

दचकू नका. अक्काही हल्ली दचकत नसे. धाकटीला दमा होता. घरात शब्दानं शब्द वाढला की नवरा तिला कोठीच्या खोलीत ढकलायचा, बाहेरून कडी घालायचा आणि खुशाल निघून जायचा. एकदा त्याला परतायला फार उशीर झाला. लोकांना त्यानं सांगितलं, झोपेतच गेली बिचारी. शेवटचं पांघरूण नीट करताना अक्कानं तिची बोटं पाहिली, एकही नख धड नव्हतं. ती पोलिसांत गेली, डॉक्टरकडे गेली, पण दम्याच्या पेशंटचं काय सांगता येतं, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले.

मग इथं, समुद्रावर, कपाटातून निलगिरीच्या तेलाचा वास यायला लागला. धाकटी तेच तेल छातीला चोळायची. वासामागून श्वास आला, बारीक शिट्टी वाजवत मध्येच अडकणारा. आणि एकदा साड्यांच्या मागून शब्द आले, "त्याला… बोलव…"

"बोलावते," अक्का म्हणाली. "पण नुसतं घाबरवायचं हं. त्यानं तोंडानं कबूल केलं की बस झालं."

तर पाहुणे आले. अक्कानं त्यांच्यासाठी आपल्या समोरचीच केबिन घेतली होती, जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची. दिवा मालवला की भर दुपारीसुद्धा तिथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही.

"अक्का, ही खोली आहे की ट्रंक?" मेहुणा हसला.

"तुम्हाला झोपायला कितीशी जागा लागते?" अक्काही हसली. "इथं झोप कशी गाढ लागते बघा."

नवी बायको गायीसारखी गरीब. नवऱ्याला विचारल्याशिवाय ती ताटात काही वाढूनही घेईना.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर धुकं उतरलं. जहाज भोंगा वाजवत चाचपडत चाललं होतं. जेवून मेहुणा झोपायला गेला आणि नवी अक्काच्या बाल्कनीत येऊन बसली. मग मनगटावर बांगड्या फिरवत म्हणाली, "अक्का, इथल्या दारांना बाहेरून कडी नाही ना?"

"नाही गं. का?"

"काही नाही. घरी मी उलटून बोलले की हे घालतात. माझ्या भल्यासाठीच म्हणा… आधीच्या ताईंनाही तशीच शिस्त लावली होती म्हणे."

अक्काच्या अंगाची लाही लाही झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण या मेल्याची दुसऱ्याला मारूनही गेली नव्हती! घाबरवून काय होणार होतं? आज घाबरला असता, घरी जाऊन पुन्हा कडी घातली असती.

ती आत गेली. कपाटाचं दार तिनं सताड उघडलं.

"जा," ती म्हणाली. "मी काही अडवत नाही आता. तुझं तू बघ."

साड्या हलल्या. निलगिरीचा वास तिच्या गालाला घासून दाराबाहेर गेला.

थोड्याच वेळात समोरच्या केबिनमधून धडका ऐकू यायला लागल्या. अक्का त्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अक्का… दार उघडा… दिवा लागत नाहीये…"

"आतूनच उघडतं की ते."

"नाही उघडत… बाहेरून कुणी कडी घातलीय… अक्का, आत कुणीतरी आहे… अगदी जवळ… धाप टाकतंय…"

"मग ओळखलं असशीलच," अक्का म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती.

मग तो रडायला लागला. "मी संध्याकाळी उघडणारच होतो हो… मित्र भेटले… विसरलो…"

"विसरलास?" अक्कानं दारावर तळहात आपटला. "ती दार खरवडत होती आणि तू विसरलास?"

मागून नवी धावत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दाराच्या मुठीला नुसता हात लावला आणि दार अलगद उघडलं. आत दिवा लखलखीत जळत होता. कोपऱ्यात मेहुणा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, डोळे टक्क उघडे, आणि त्याला दोघींपैकी कुणीच दिसत नव्हतं.

जहाजाच्या डॉक्टरनं तपासलं. छाती स्वच्छ, डोळे ठीक, दोष काही सापडेना. पण माणूस श्वासासाठी तडफडत होता. जहाज बंदराला लागल्यावर त्याला स्ट्रेचरवरून उतरवलं. धुकं विरून लख्ख ऊन पडलं होतं, आणि त्या उघड्या धक्क्यावर तो दोन्ही हातांनी हवा ढकलत होता. "दार उघडा… अहो, कुणीतरी दार उघडा…"

अँब्युलन्सवाल्यानं त्याला आत ठेवला. "सोबत कोण येतंय?"

नवीनं अक्काचा हात घट्ट धरला. "मी नाही जाणार," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हणत असावी.

अँब्युलन्सवाला काही बोलणार होता, पण गाडीत डोकावला आणि थांबला.

"असू द्या, या बसल्यात की त्यांच्याजवळ," तो म्हणाला. "पण यांनाही भारी धाप लागलीय हो. ऑक्सिजन एकच आहे, कुणाला लावू?"

नवीची बोटं अक्काच्या हातात गार पडली. अक्का मात्र पुढे झाली.

"त्यालाच लावा," ती म्हणाली. "चांगला जगवा त्याला. खूप वर्षं जगवा."