क्रुसावरचा दिवा कोण घालवतो?

"गेला! पुन्हा गेला!" केल्विन ओरडला.

वटार गावातल्या क्रुसासमोर रोझरीच्या प्रार्थनेला जमलेली माणसं अंधारात चुळबुळली. महिन्यातला हा तिसरा बल्ब!

"तो कृष्णा नकली माल विकतो!" ऑगस्टीन अंकल कडाडले. "उद्या रोझरीनंतर सगळ्यांना सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नका!"

केल्विनची बहीण डायना आणि तिच्याकडे सुट्टीला आलेली विरारची ज्ञानदा एकमेकींकडे बघत राहिल्या. गिऱ्हाईक तुटलं तर कृष्णाकाकांचं इवलंसं दुकान बंदच पडणार!

"मला संशय येतोय," ज्ञानदा कुजबुजली. "तुमच्या ओटीवरचा बल्ब त्यांच्याकडचाच ना? तो कसा टिकला?"

सकाळी डायनाच्या आईने आधी मेन स्विच बंद केला, मगच शिडीवर चढून बल्ब उतरवला. त्याच्यावर काचेची बरणी होती, तोंडाला घट्ट चिकटपट्टी.

"खारं वारं लागू नये म्हणून अंकलची आयडिया," डायना म्हणाली.

"खोला, पण उघडा बल्ब विजेला लावायचा नाही हं! मी इथेच बसलेय," आईने बजावलं.

ज्ञानदाने पांढरी टोपी उचकटली. आत पिवळ्या एलईडी टिकल्यांची रांग आणि एकीवर काळा ठिपका!

"ही जळली! शाळेतल्या सर्किटसारखं, एक तुटली की सगळ्या विझल्या."

"पण जळली कशाने?" केल्विनची नजर बरणीवर गेली. "ए… ह्यातून गरमी बाहेर जाणार कुठून?"

"चला, अंकलना सांगू!" ज्ञानदा उठली.

"ह्या! ते ऐकतायत! त्यांच्याच तोंडून वदवू," डायना म्हणाली.

दुपारी अंकल झोपलेले असताना त्यांच्या ओटीवर दोन बल्ब तासभर जळत ठेवले, एकावर बरणी. मग बटण बंद केलं, बरणी लपवली आणि अंकलना हाक मारली.

"अंकल, यातला नकली कोणता? मागे हात लावून बघा!"

"आई गं! हा! तव्यासारखा तापलाय. हाच कृष्णाचा!"

"दोन्ही तुमचेच, अंकल! तुम्हीच मुंबईहून आणलेले!" केल्विन नाचायलाच लागला. ज्ञानदाने बरणी पुढे केली. "तो यात कोंडला होता."

अंकलनी बरणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

कृष्णाकाकांनी क्रुसावरच्या बल्बची जळकी टिकली काढून ती जागा कथलाने जोडली आणि टोपी बसवली. "बाकीच्यांवर जरा जोर येईल, पन चालंल. ह्याला हवा पायजे. कोन कोंडून ठेवतं काय?" त्यांनी वर पत्र्याचं छप्पर लावलं, खालून मोकळं.

रोझरीनंतर, दिव्याच्या उजेडात, अंकल बरणी हातात घेऊन उभे राहिले. "कृष्णा, मी चुकलो. आणि ही पोरं… शाब्बास!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात अंकलची बायको आल्बिनाआंटी पुढे धावली.

"अगं, ही तर माझी लोणच्याची बरणी! आणि मी इतके दिवस शेजारच्या बिचाऱ्या कॅरलवर चोरीचा संशय घेतेय!"