मधली उंची

केरळातल्या कैनकरीच्या आमच्या शाळेत दर जूनमध्ये मुलांची उंची मोजतात. पुरात मधल्या वर्षांची रजिस्टरं वाहून गेली आणि माझ्या चौथीच्या वर्गातल्या निम्मीच्या नावापुढे दोनच आकडे उरले, पाचव्या वर्षीचा आणि नवव्या वर्षीचा. मी ते संगणकात भरून आलेख काढला. दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ.

निम्मीची आई ट्रीसा नेमकी तीच चार वर्षं कुवेतमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. ती परतल्यापासून मुलगी आजीमागे लपायची. जवळ घेतलं की अंग चोरायची.

"टीचर, सहा वर्षांची असताना ही केवढी होती हो?" ट्रीसानं शाळेत येऊन विचारलं.

मी रेघेवर बोट ठेवलं. "एकशे चौदा सेंटीमीटर. पण हा नुसता अंदाज, बरं का. मुलं काही पट्टी लावून वाढत नाहीत."

"असू दे. माझी सासू तर म्हणते, 'होती आपली एवढीशी!' त्यापेक्षा तुमचं मशीन बरं."

त्या मापाचा पिवळा फ्रॉक तिनं शिवला. घालणार कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली, "त्या वर्षी माझ्या हातचा एक तरी अंगावर असायला हवा होता ना." मला भरून आलं.

पुढच्या आठवड्यात होडीतून उतरले तेव्हा फ्रॉक ट्रीसाच्या घरासमोर, कालव्याकाठी दोरीवर होता. पाण्यावर जलपर्णी संथ सरकत होती, ऊन दुधासारखं पसरलं होतं. फ्रॉकच्या घेराला चिखल लागला होता. कॉलरला खोबरेल तेलाचा वास येत होता. हात लावला तर कापड कोमट लागलं, नुकतंच कुणी अंगातून काढल्यासारखं.

"कुणी घातला गं?"

"कुणी नाही," ट्रीसा म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्गात निम्मी बोटांवर मोजू लागली. भागाकार विसरली. मग जोडाक्षरं विसरली. बाकावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकेनात.

मी आलेख उघडला. नवव्या वर्षाचा ठिपका नव्हता. रेघ सहाव्या वर्षाशीच थांबली होती.

मी तडक ट्रीसाच्या घरी गेले.

"तो फ्रॉक उसव. आत्ता."

"टीचर, ती आता माझ्या कुशीत झोपते," ट्रीसा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "मला सोडून राहतच नाही. कशी उसवू?"

"आणि माझी निम्मी? चौथीतली?"

तिनं डोळे पुसले आणि आत पाहिलं.

आतून पावलं वाजली. पिवळा फ्रॉक अंगावर चपखल बसला होता. मुलगी धावत येऊन आईला बिलगली आणि माझ्याकडे टकमक पाहू लागली.

पुढचा दुधाचा दात जिभेनं हलवत तिनं विचारलं, "अम्मे, ह्या कोण?"