फ्रीजमधला डबा

डबा फ्रीजमध्ये नव्हता.

तनयाने दूध हलवलं, चीज हलवलं, बर्फाच्या पिशव्या बाहेर काढल्या. मग ती ट्रकच्या पायरीवर मटकन बसली.

"सुमेधाताई, माझं इन्सुलिन गेलंय. सगळं."

ग्लासगो आणि लंडनमधल्या स्टॅनमोरची ही मराठी मंडळी बोट्स्वानाच्या जंगलात तंबू ठोकून राहिली होती. पहाटे प्राणी बघायला गेली ती आत्ता परतली होती. सुमेधा ग्लासगोच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह. रजेवर होती, पण असल्या माणसांना रजा मानवत नाही.

"कशात होतं?"

"स्टीलच्या डब्यात. फिरकीचं झाकण आहे त्याला. बर्फाचं पाणी लागू नये म्हणून गंधारनेच आयडिया दिली." गंधार तिचा नवरा, लग्न याच वर्षीचं. "कमरेचा इन्सुलिन पंप सकाळी ड्राइव्हवर रिकामा झाला. म्हटलं, आल्यावर रीफिल करू."

सुमेधाचा नवरा अंबरीश डॉक्टर होता. त्याने तनयाची शुगर तपासली आणि त्याचा चेहराच उतरला. तिला तंबूत निजवून तो बाहेर आला.

"पंपवर असणाऱ्यांच्या अंगात इन्सुलिन शिल्लक राहत नाही. हिला उलट्या सुरू झाल्यात. रात्रीपर्यंत बेशुद्ध होईल. मग माझ्या हातात काही नाही."

गाइड कबेलो सॅटेलाइट फोनवर ओरडत होता. पुराने रस्ता बुडालेला. हेलिकॉप्टर उद्या सकाळी.

"उद्या कशाला येताय मग?" अंबरीश फोनच्या दिशेने खेकसला.

सुमेधाने कबेलोला बाजूला घेतलं.

"फ्रीजला कुलूप कधी लावलंस?"

"रात्री, जेवणं झाल्यावर."

"सकाळी?"

"चहाच्या दुधासाठी मीच उघडलं, मीच लावलं. कुलूप धड आहे. जनावराचं काम नाही हे."

म्हणजे डबा कुलूप लागण्याआधीच गेला होता, आणि तोही माणसाच्या हाताने. इथे सगळे आपलेच होते.

तिने तंबू तपासायचं म्हटलं, तर सगळे नजर चुकवायला लागले. कारण भलतंच निघालं. तंबूत खायचं ठेवू नका, जनावरं येतात, हे कबेलोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मंडळींनी माना डोलावल्या आणि चिवडा, बाकरवडी बॅगेत आणखी खोल दडवली. आपल्या लोकांना चिवड्याविना जंगलही गोड लागत नाही! त्याची शिक्षा आज एकाच तंबूला मिळाली होती. सगळे बाहेर असताना बबून माकडांनी गंधार-तनयाचा तंबू एका बाजूने फाडला होता.

"तुझ्या तंबूतून काय काय गेलं?" सुमेधाने विचारलं.

"चिवड्याची पिशवी. बाकी काही नाही," गंधार म्हणाला. डोळे रडून लाल झाले होते. "ताई, प्लीज, काहीतरी करा ना."

सगळ्यांनी ट्रक उपसला, बॅगा उलट्या केल्या. गंधार मात्र नदीकडच्या झाडांखाली फिरत होता, मान वर करून.

सुमेधा तंबूत गेली. तनयाचा श्वास जोरजोरात चालला होता.

"एकच विचारते. तुझ्या सासूबाईंना, सुमनकाकूंना, तुझ्या डायबेटीसचं माहीत आहे?"

"आईंना? ऑफ कोर्स. गंधारने लग्नाआधीच सांगितलं. फक्त त्यांच्यापुढे विषय काढू नकोस म्हणाला, त्यांना रडू येतं." ती क्षीण हसली. "तरी हो म्हणाल्या. किती चांगल्या आहेत ना."

गंधारची आई, सुमनकाकू, बाहेर खुर्चीत देवाचं नाव घेत बसल्या होत्या.

"काकू, काल रात्री तुम्ही फ्रीज उघडला होता?"

"हो, जेवताना. स्टीलचा डबा दिसला. म्हटलं, लोणचं असणार. गंधार म्हणाला, आता नको, उद्या उघड." त्यांनी सुमेधाचा हात धरला. "पण हे इन्सुलिनचं काय चाललंय गं? हिला शुगर आहे? या वयात? कधीपासून?"

सुमेधा तडक झाडांकडे निघाली. तिच्या मागोमाग सगळे.

"गंधार, बबून कुठल्या दिशेने गेले?"

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत आहे. सगळे ट्रक शोधताहेत आणि तू झाडं. फ्रीजमधून हरवलेला डबा झाडावर कोण शोधतं?" तिचा आवाज चढला. "काकू तो डबा आज उघडणार होत्या. लोणच्याऐवजी आत औषध निघालं असतं. म्हणून कुलूप लागण्याआधी तू तो काढलास आणि तंबूत चिवड्याच्या पिशवीत दडवलास. बबूननी पिशवीच उचलली. हे सांगितलं असतंस, तर डबा तंबूत का होता हेही सांगावं लागलं असतं. तू आईला काही सांगितलेलंच नाहीस. आणि तनयाला सांगितलंस की सांगितलंय."

गंधार खाली बसला.

"मला वाटलं, मीच शोधून गुपचूप परत ठेवीन," तो हुंदके देत म्हणाला. "आई लग्नालाच नाही म्हणाली असती तर?"

"तनया मरतेय, गंधार! दिशा सांग."

त्याने बोट दाखवलं. फाटक्या तंबूपासून चिवड्याचे पोहे त्याच बाजूला सांडत गेले होते. कबेलो पुढे झाला. दुपारी कळप कुठे टेकतो ते त्याला ठाऊक होतं. नदीकाठच्या उंबराखाली, दाट सावलीत, पिशवीच्या चिंध्या आणि डबा पडला होता. दातांचे ओरखडे होते, पण फिरकीचं झाकण बबूनला उघडता आलं नव्हतं. आतल्या बाटल्या शाबूत होत्या.

"सावलीत होतं, चालेल," म्हणत अंबरीश पळत सुटला.

ऊन उतरायच्या सुमाराला तनयाने डोळे उघडले. शुगर खाली येत होती. उशाशी सुमेधा होती. तनयाने खोदून खोदून विचारलं आणि सुमेधाने सगळं सांगितलं.

गंधार दारात उभा होता. "तनया, सॉरी. डबा मिळाला ना शेवटी."

"डबा मिळाला रे," तनया म्हणाली. "पण मला वाटत होतं, आईंनी सगळं जाणून मला आपलं म्हटलं. ते कुठे शोधू आता?"

गंधारला बाजूला सारून सुमनकाकू आत आल्या. त्यांनी त्याची स्लीपिंग बॅग उचलून त्याच्या हातात दिली.

"आज अंबरीशच्या तंबूत झोप."

मग त्या तनयाजवळ मांडी घालून बसल्या. चष्मा लावून त्यांनी पदर खोचला.

"तो पंप कसा भरायचा, ते आधी मला शिकव," त्या म्हणाल्या.

तनयाला रडू फुटलं. रडता रडताच तिने शर्ट वर करून कमरेचा पंप त्यांना दाखवला.