गणपूर्ती

डॉ. अस्लम तांबोळींनी प्रयोगशाळेच्या टेबलावर निळ्या नळाचा हातभर तुकडा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, यात बोट घालून बघा."

मृदुला वाघचौरेनं बोट घातलं नाही. तो नळ मोहरगावच्या मुख्य जलवाहिनीच्या जातीचा होता. दोन बोटं जाडीचं प्लास्टिक, जमिनीखाली पन्नास वर्षं टिकायची हमी. त्याला बाहेरच्या बाजूनं खड्डे पडले होते आणि एक तर आरपार गेला होता. उंदरांनी भाकरी कुरतडावी तसं ते दिसत होतं, आणि या उंदरांची जन्मदात्री टेबलाच्या अलीकडे उभी होती.

"कुठे मिळाला?" तिनं विचारलं.

"खडीमाळच्या खाणीत. वाहिनी टाकताना उरलेले तुकडे ठेकेदारानं तिथेच फेकले होते. खुद्द वाहिनीही त्याच खाणीतल्या काळ्या पाण्याच्या तळातून जाते." तांबोळी भूजल वैज्ञानिक होते आणि वाईट बातमी हळू आवाजात सांगायची त्यांना सवय होती. "पाणबुड्यानं हात लावून पाहिलं. खरबरीत झालीय, अजून फुटलेली नाही."

मृदुला खुर्चीवर बसली.

खडीमाळ म्हणजे मोहरगावचा कचरा डेपो. तिथल्या डोंगरातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याला अभियंते लिचेट म्हणत, आणि डेपोखालच्या वस्तीतली माणसं काढा म्हणत. तीन वर्षांपूर्वी मृदुलानं त्या डोंगरात आपले प्लास्टिक खाणारे जीवाणू सोडले. तिनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'प्लास्टिकाद'. वर्तमानपत्रांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं 'कचराखाऊ' केलं. कचराखाऊंनी डोंगर निम्म्यावर आणला. मृदुलाचे सत्कार झाले, घरात शालींना जागा पुरेना. मग डेपोच्या तळाच्या मातीच्या अस्तराला तडा गेला, काढा शेजारच्या सोडून दिलेल्या दगडखाणीत उतरला, आणि काढ्याबरोबर तेही उतरले.

दुपारी खैरनार आले. रोहिदास खैरनार हे जिल्ह्याचे निसर्गहानी समन्वयक. पद नवं होतं. नव्या कायद्यानं नदी, भूजल, मासे, जंगल या सगळ्यांना एकेक सरकारी पालक नेमून दिला होता, आणि हानी झाली की सगळ्या पालकांनी एकत्र बसून उपाय ठरवायचा होता. त्यांना एकत्र बसवणं हे खैरनारांचं काम, आणि त्या कामानं गेल्या वर्षभरात त्यांचे उरलेले केस पिकवले होते.

खडीमाळचंच घ्या. काढा डेपोत असेतो महापालिकेचा. जमिनीखाली गेला की भूजल खात्याचा. खाणीत वर आला की खनिज खात्याचा. खाणीच्या काठाची बाभळीची रांग वनखात्याची, मेलेले मासे मत्स्य खात्याचे, आणि वरून जाणारा कालवा पाटबंधाऱ्याचा. सहा खाती, आणि काढा कुणाचाच नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी, पत्रं जात, पत्रं येत, आणि काढा आपला निवांत मुरत असे.

"आधी मला एवढं समजावून सांगा," खैरनार नळाचा तुकडा हातात फिरवत म्हणाले. "हे प्लास्टिक खातात हे ठाऊक असताना आपण ते उघड्यावर सोडले कसे?"

"कारण एकटा जीवाणू खातच नाही, साहेब," मृदुला म्हणाली. "प्रत्येक जीवाणू सतत एक संदेशरेणू बाहेर सोडत असतो. आजूबाजूला भाईबंद थोडे असले तर ते रेणू पांगून जातात. पुष्कळ असले तर दाटतात. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की सगळ्यांना एकदम कळतं, आपण पुरेसे जमलो. मग सगळे मिळून पाचकरस सोडतात. एकट्यानं सोडलेला रस वाहून जाईल आणि पोट रिकामंच राहील, म्हणून एकटा असला की तो गप्प बसतो. निसर्गात पुष्कळ जीवाणू असंच करतात. मी ती सवय फक्त उचलली."

"म्हणजे कोरम."

"हो. मी प्रबंधात जैविक गणपूर्ती असाच शब्द वापरलाय."

खैरनारांना हसू आलं, पण ते कडवट होतं. "तुमच्या जीवाणूंची तरी होते, मॅडम. माझ्या सहा खात्यांची वर्षभरात एकदाही झालेली नाही."

"खाणीत त्यांची गणपूर्ती झालीय, म्हणून ते वाहिनी खातायत," तांबोळी म्हणाले. "मोडायची असेल तर पाणी वाढवायचं. कालवा खाणीच्या डोक्यावर आहे. दार उघडलं की खाण भरून वाहील, दाटी तुटेल."

"आणि वाहून गेलेले कुठे जातील?"

"जांभुळा नदीत. नदी पुढे शहराच्या तलावाला मिळते."

खैरनारांनी मान वर केली. "तलावातूनच आपण पाणी पितो."

"एवढ्या पाण्यात काढ्याचं विष मर्यादेच्या खूप खाली जातं," तांबोळी म्हणाले. "थोडे मासे मरतील. पण वाहिनी खाणीत फुटली, तर तोच काढा जसाच्या तसा नळानं तीन लाख माणसांच्या घरात जाईल. त्यापुढे हे परवडलं."

"आणि जीवाणू?"

"डेपोत टिकावेत म्हणून मी त्यांना जाड कवच दिलंय. क्लोरीननं सगळे मरणार नाहीत," मृदुलानं खरं ते सांगितलं. "पण मरायची गरजही नाही. ते माणसाला काही करत नाहीत. एखादा कुणाच्या नळातून आला, तरी तिथे तो एकटाच असेल. उपाशी बसून राहील. मोजके जीवाणू घेऊन मी हे शेकडो वेळा तपासलंय. थोडे असले की ते खात नाहीत. यात शंका नाही."

ती हे मनापासून बोलली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच पुढची सगळ्यात भयंकर गोष्ट ठरली.

सोमवारी जिल्हा कचेरीत बैठक लागली. कालव्याचं दार उघडायचं तर ठराव हवा, आणि ठरावाला सहा खात्यांपैकी निदान चार हवीत. भूजल खात्यातर्फे तांबोळी होते, महापालिकेचा एक उपायुक्त आला होता. पाटबंधाऱ्याचे कार्यकारी अभियंता गुरव प्रशिक्षणाला परगावी. वनखात्याची गाडी नादुरुस्त. खनिज आणि मत्स्य खात्यांनी कारण कळवायचीही तसदी घेतली नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहताना मृदुलाच्या अंगाची लाही झाली. तिकडे वाहिनी कुरतडली जात होती आणि इकडे चहा येत होता. ती उठली आणि प्रयोगशाळेत परत आली.

तासाभरानं खैरनारांचा फोन आला. "ठराव झाला, मॅडम. संध्याकाळी दार उघडतोय."

"आली का सगळी?" तिनं आनंदानं विचारलं.

"झालं ते झालं," खैरनार म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी खाणीतलं पाणी काळ्याचं तांबूस झालं, तिसऱ्या दिवशी तळातले दगड दिसू लागले. मृदुला रोज संदेशरेणू मोजत होती. ते मर्यादेच्या कितीतरी खाली आले. वाहिनीवर नव्या नळाचं वेष्टण चढलं. कालव्याच्या पाण्यानं तलावही काठोकाठ भरला. एरवी चार दिवसांनी तासभर येणारं पाणी या वेळी खैरनारांनी दुप्पट वेळ सोडायला लावलं. लोकांनाही जरा सुख लागू दे, म्हणाले. वर्तमानपत्रात तिघांचा फोटो आला.

शनिवारी खैरनार आणि तांबोळी पेढे घेऊन प्रयोगशाळेत आले, आणि तेवढ्यात गुरवांचा फोन आला. ते प्रशिक्षणाहून परतले होते आणि संतापले होते. खैरनारांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"खैरनार, माझ्या कालव्याचं दार माझ्याशिवाय उघडलंत? बैठकीला दोनच खाती होती म्हणे. गणपूर्ती नाही, ठराव रद्द."

"गुरव साहेब, नियम वाचा," खैरनार शांतपणे म्हणाले. त्यांना या क्षणाची थोडी हौसच होती. "गणपूर्तीअभावी मी बैठक तहकूब केली. अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवली. तहकूब बैठकीला गणपूर्तीची अट नसते."

"ही पळवाट झाली."

"पळवाट कशी? गणपूर्ती लागते ती सुरू करायला. एकदा सुरू झालेलं काम पुढे न्यायला दोघंही पुरतात. नाहीतर कुठलंच काम चालू राहणार नाही."

तांबोळी हसले. मृदुलानं तोंडात घातलेला पेढा तसाच राहिला.

सुरू करायला. पुढे न्यायला. तिनं तीन वर्षं काय तपासलं होतं? मोजके जीवाणू घ्यायचे, वाढू द्यायचे, आणि कितव्या कोटीला ते खायला लागतात ते पाहायचं. थोड्यांचे पुष्कळ होताना तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पुष्कळांचे थोडे होताना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. थोडे म्हणजे थोडेच, असं ती धरून चालली होती. ते आधी जमलेले होते की नव्हते, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. आणि खाणीत तिनं मोजले ते फक्त रेणू. जीवाणू खरोखर गप्प बसले का, हे तिनं पाहिलं नव्हतं.

"काय झालं, मॅडम?" खैरनारांनी विचारलं. गुरवांनी फोन आपटला होता.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

तिनं दोन बश्या घेतल्या आणि दोन्हींत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा पसरला. पहिल्या बशीत कधीच दाटीत न राहिलेले मोजके जीवाणू टाकले. दुसरीत खाण धुण्याआधीच्या नमुन्यातले, तेवढेच मोजके, भरपूर स्वच्छ पाण्यात पांगवून. मग ती स्टुलावर बसून राहिली. तांबोळी तिच्याजवळ थांबले. पेढ्यांच्या खोक्याला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी तिनं दोन्ही पापुद्रे उजेडात धरले. पहिला धड होता. दुसऱ्याची चाळण झाली होती.

खैरनार परत आले तेव्हा तिनं त्यांना तो पापुद्रा दाखवला. "एकदा गणपूर्ती झाली की जीवाणू स्वतःच्या पोटातच इतके संदेशरेणू तयार करतो, की पुढे त्याला बाहेरच्यांची गरज उरत नाही. त्याला सतत वाटत राहतं की सगळे जमलेले आहेत. एकटा असला तरी तो खातो. आणि विभागला, की पोटातले रेणू दोघांत वाटले जातात. म्हणजे पुढची पिढी जन्मतःच खात सुटते."

"म्हणजे आपण खाणीत जे होते..."

"खाणीतला प्रत्येक जीवाणू जमलेला होता. आपण त्यांना गप्प केलं नाही, साहेब. आपण त्यांना पांगवलं. नदीत आणि तलावात." ती थांबली. "खाणीत ते वाहिनी बाहेरून खात होते, एका जागी. आता ते वाहिनीच्या आत आहेत."

तांबोळींनी तो पापुद्रा हातात घेतला. त्यांनीच पाणी वाढवायचं सुचवलं होतं. खैरनारांनी फोन उचलला, तलावावरच्या पंपचालकाला गाठलं आणि पंप ताबडतोब बंद करायला सांगितलं. कुठल्या खात्याचा आदेश, असं तो विचारत होता. "माझा," खैरनार ओरडले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी कुणाला न विचारता निर्णय घेतला होता.

"शहराला पाणी कधी सुटलं?" मृदुलानं विचारलं.

"गुरुवारी." खैरनारांनी फोन टेबलावर ठेवला. "दुप्पट वेळ. मीच सांगितलं होतं."

तेवढ्यात मृदुलाचा फोन वाजला. पलीकडे आई होती. ती शहरात मृदुलाच्या धाकट्या भावाकडे राहायची आणि रोज याच वेळेला फोन करायची.

"जेवलीस का गं? अगं, गुरुवारी पाणी काय जोरात आलं होतं. मी सगळं भरून ठेवलंय, गच्चीवरची टाकी, दोन्ही पिंपं, बादल्या. कळशीसुद्धा सोडली नाही. तुझ्या फोटोचं सगळ्या गल्लीत कौतुक चाललंय. सगळ्यांनी भरून ठेवलंय बघ, चार दिवसांची निश्चिंती."

"आई," मृदुला म्हणाली, "ऐक..."

"तू आधी माझं ऐक. तू आणलेलं ते निळं पिंप, दिवाळीचं. त्याच्याखाली सकाळपासून ओल येतेय. पुसलं की पुन्हा येते. बादलीही टिपटिप करतेय. मी म्हटलं माझंच काहीतरी, तर समोरच्या कुसुमवहिनींचंही तसंच, आणि वरच्या मजल्यावर त्यांची टाकी गळतेय म्हणे. आता मला सांग, सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतली होती की काय?"