घोट्यांची अकरावी जोडी

त्या शनिवारी सकाळी औषधाच्या दुकानातून चिकटपट्टीची रिळं घेतली आणि मी मैदानाकडे चालत निघालो. आकाश राखेसारखं होतं, गारांचा पाऊस नुकताच सुरू झाला होता.

मी कॉलेजच्या कचेरीत कारकून. पण आमचं कॉलेज इतकं लहान, की एका पगारात दोन माणसांचं काम उरकून घेत. म्हणून दर शनिवारी, सामन्याआधी, अंगावर धडकून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या पोरांचे घोटे, मुरगळू नयेत म्हणून, पट्टीने बांधायचे तेही मीच. नेब्रास्कातलं ते एक्कावन्न साल. कोरियाच्या लढाईने निम्मी पोरं नेलेली. सप्टेंबरात पंधरा जणांवर हंगाम सुरू झाला, ओळीने सात सामने हरलो, आणि शेवटच्या सामन्याला अकराच उरले. विश्वस्तांनी ठराव केला होता: ज्या शनिवारी अकरा खेळाडू उतरणार नाहीत, त्या दिवसापासून फुटबॉल बंद. तो ठराव मीच टाइप केला. एकही चूक नव्हती.

गेलेल्या चौघांपैकी दोघांची हाडं मोडली, एक नापास झाला. चौथा एमिल कोलार. ऑक्टोबरात एका सामन्याआधी तो मैदानाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत माझ्या टेबलावर बसून म्हणाला होता, "मिस्टर हॅस्केल, डोकं गरगरतंय." मी त्याला ॲस्पिरिन दिली आणि घोटे बांधले. तो खेळला. रविवारी वसतिगृहात तो उठलाच नाही.

घोटे बांधणारा बुटक्या स्टुलावर बसतो आणि पोरगं समोर उंच टेबलावर, रेक्झिनच्या गादीवर. मान खाली असते, चेहरा दिसत नाही. मी पोरांना पायांवरूनच ओळखायचो.

त्या दिवशी दहा जण झाले. "जरा सैल बांधा," एकजण म्हणाला, "हरायला एवढी घाई नाही." कोणी हसलं नाही. हसायलाही दम लागतो.

अकरावा व्हर्लिन डीट्झ. त्याने पाय पुढे केले, आणि मग हळूच म्हणाला, "डोकं गरगरतंय… मंगळवारपासून."

मी पट्टी खाली ठेवली. "कपडे बदल आणि डॉक्टरकडे जा."

"कोच जीव घेतील माझा."

"ते मी बघतो. तू जा."

तो गेला आणि पाठोपाठ आमचा कोच स्ट्रँड आत आला. थकलेला माणूस. बेचाळिसाव्या वर्षी साठीचा दिसायचा.

"डीट्झ कुठे निघाला?"

"डॉक्टरकडे. खेळणार नाही तो."

"मग दहा झाले, हॅस्केल."

"मोजता येतं मला."

"सोमवारी माझी नोकरी जाईल. घरी चार पोरं आहेत."

"कोलारच्या आईला पत्र मीच टाइप केलं होतं," मी म्हणालो. "दुसरं करणार नाही."

 तो टोपी डोक्यावर ओढून बाहेर गेला.

मी रिळं आवरायला घेतली. खोलीत ओल्या लोकरीचा आणि दुखऱ्या अंगाला चोळायच्या लिनिमेंटचा वास होता. गादी करकरली. समोर दोन पाय आले.

चौदा वर्षांची सवय. मी पट्टी ओढली, टाचेखालून घेतली, वर वळवली. पाय थंड होते. पण नोव्हेंबरात सगळ्यांचेच असतात. डाव्या घोट्याचं हाड बाहेर आलेलं होतं, लहानपणी घोड्याने लाथ मारल्यावर येतं तसं. तिथे मी नेहमी एक वेढा जास्त द्यायचो. तो दिला… आणि मग हात थांबले. असा घोटा आमच्या संघात एकाचाच होता.

मी मान वर केली नाही.

"घट्ट बांधा, मिस्टर हॅस्केल," वरून आवाज आला. अगदी हळू.

मी घट्ट बांधलं. दुसरं काय करणार होतो? बुटांचे खिळे सिमेंटवर वाजत गेले.

मी मैदानावर पोचलो तोवर खेळ सुरू झाला होता. चिखलात सगळे एकाच रंगाचे, पाठीवरचे आकडे बुजलेले. मी तीनदा मोजलं. अकरा. पंचानेही मोजले, वहीत लिहिलं. आम्ही चाळीस-शून्यने हरलो. भूत असलं तरी ते आमच्याच कॉलेजचं होतं.

सामना संपल्यावर कात्रीने पट्ट्या कापून घ्यायला दहा जण आले. दिवे लावले तेव्हा मी आणि स्ट्रँड दोघेच उरलो. पत्र्यावर गारा वाजत होत्या.

"किती बांधलेस?" त्याने विचारलं.

"अकरा."

"मी दहाच पाठवले होते." तो भिंतीला टेकला. "डीट्झला रुग्णालयात ठेवलंय. डॉक्टर म्हणाला, आज एक धक्का बसता तर संपला असता." मग, आवाज खाली आणून, "तो… कोण होता, ते तुला कळलं?"

"घोट्यावरून."

स्ट्रँडने मान हलवली. मला वाटलं, तो आता प्रार्थना करेल, रडेल, निदान घाबरेल तरी. पण त्याने सबंध हंगाम सोसला होता. त्याने डोळे चोळले.

"आता फुटबॉल राहील," तो म्हणाला. "पुढल्या वर्षीही पोरं कमीच असणार." आणि आवाज आणखी खाली आणून, "हॅस्केल… पुढल्या वर्षी येईल का रे तो?"

 तेवढ्यात, आम्हा दोघांच्या मधे, रिकाम्या टेबलावरची गादी करकरली आणि दबली. एका जागी. मग, जराशा अंतराने, तिच्या शेजारीही, दुसरं कोणी येऊन बसावं तशी.